नवजात बाळाची पाहणी : धोक्याची लक्षणं कशी ठरत गेली

जन्मलेलं बाळ कसं आहे हे पाहण्याची ठरावीक पद्धत फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रसूतिगृहात लक्ष असे ते मुख्यतः आईकडे. निळं पडलेलं, अंग ढिलं सोडलेलं बाळ जगणार नाही असं धरून बाजूला ठेवलं जाई. वेळेवर मदत मिळती तर त्यातली काही वाचलीही असती.

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांना हे खटकत होतं. १९५२ मध्ये त्यांनी पाच गोष्टी मांडल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. जन्मानंतर साठ सेकंदांनी प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. लेख १९५३ मध्ये छापून आला. पाचव्या मिनिटाची नोंद पुढे जोडली गेली. ज्याने बाळंतपण केलं त्याने गुण देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. तो रास्तच म्हणायचा, कारण आपल्या हातून जन्मलेलं बाळ कुणालाही ठणठणीतच दिसणार. पूर्ण दहा गुण मात्र क्वचितच मिळतात. सुरुवातीला बहुतेक बाळांचे तळहात-तळपाय निळसर असतातच. आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करायला गुणांची वाट पाहायची नसते. ही गल्लत अजूनही होते.

१९५६ मध्ये सिल्व्हरमन आणि अँडरसन यांनी श्वासाच्या त्रासासाठी वेगळं मापन आणलं. बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हणं अशा खुणांचं ते मापन होतं. इथे दहा म्हणजे सगळ्यात वाईट, अपगारच्या अगदी उलट. बाळ पोटात किती आठवडे वाढलंय हे अंगावरच्या खुणांवरून ठरवण्याच्या ड्युबोविट्झ आणि बॅलार्ड पद्धती १९७० च्या दशकातल्या.

कावीळीची गोष्ट मात्र सुरू होते ती एका परिचारिकेपासून. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हं अंगावर यावीत म्हणून अंगणात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण पिवळाधमक राहिला होता. तिथे आयोडीन लावलंय की काय, अशी शंका डॉक्टरांना आली. काही आठवड्यांनी, उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन (कावीळीत अंग पिवळं करणारं रक्तातलं द्रव्य) कमी भरलं, तेव्हा दुवा जुळला. १९५८ मध्ये प्रकाशोपचाराचा पहिला लेख आला, तो क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या नावाने.

ही सगळी मापनं रुग्णालयातली. आठवडाभराच्या बाळात गंभीर आजाराची कोणती साधी लक्षणं पाहायची याचं ठोस उत्तर मिळायला २००८ साल उजाडलं. भारतासह सहा देशांतल्या अभ्यासात अनेक लक्षणं तपासून पहिल्या आठवड्यासाठी सात निवडली गेली : दूध ओढायला त्रास, झटके, हलवल्यावरच हालचाल, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती खोल आत ओढली जाणं, ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, आणि ३५.५ अंशांखाली गेलेलं तापमान. यातलं एकही दिसलं तरी बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. अंग गार पडणं हे तापाइतकंच गंभीर, पण घरच्यांच्या लक्षात येतं उशिरा. श्वास मोजायचे तर बाळ शांत असताना, पूर्ण मिनिटभर. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. आकडा ६० किंवा वर आला, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची.