अटलांटिकपार आणखी एक विमान: केफ्लाविकचा चोवीस तासांचा हिशेब

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, कोल्हापूर शहराहूनही कमी. तरीही तिथल्या केफ्लाविक विमानतळावरून आइसलँडएअर बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, टोरांटो, सिअ‍ॅटल अशा शहरांकडे विमानं सोडते. त्यातले बरेच प्रवासी आइसलँड बघायला आलेलेच नसतात. ते युरोपातून येतात, केफ्लाविकला विमान बदलतात आणि अमेरिकेकडे निघतात. अशा हबवरून अमेरिकेला आणखी एक रोजची फेरी सुरू करायची, तर विमान मिळवणं हा सोपा भाग. अवघड असतं ते त्या विमानाला घड्याळात बसवणं.

एका विमानाचा उन्हाळ्यातला दिवस साधारण असा जातो. सकाळी पावणेआठला कोपनहेगनकडे निघायचं, सव्वातीन तासांत पोचायचं, तासाभरात तोंड वळवून दुपारी तीनच्या सुमारास परत यायचं. पाच वाजता बॉस्टनकडे उड्डाण. पावणेसहा तासांनी पोचतं तेव्हा तिथे संध्याकाळचे पावणेसात झालेले असतात. रात्री साडेआठला तिथून निघून विमान आइसलँडच्या घड्याळाप्रमाणे पहाटे पावणेसहाला परत हजर. पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट प्रवाहाचा पाठीवर वारा मिळतो, म्हणून परतीला अर्धा तास वाचतो. दोन तासांनी पुन्हा युरोप. चोवीसपैकी सतरा तासांहून जास्त वेळ विमान हवेत असतं. भूगोलाची ही देणगी आहे: बेट मधोमध असल्यामुळे दोन्ही खंडांच्या फेऱ्या एकाच विमानाच्या एकाच दिवसात मावतात.

सगळी विमानं अशीच फिरतात, म्हणून पहाटे अमेरिकेहून आलेली लाट सकाळी युरोपकडे जाते आणि दुपारी युरोपातून आलेली लाट संध्याकाळी अमेरिकेकडे. नव्या फेरीची खरी ताकद इथे कळते. त्या लाटेत युरोपातली वीस शहरं असतील, तर अमेरिकेतलं एक नवं शहर जोडताच शहरांच्या वीस नव्या जोड्या तयार होतात. प्रत्येक शहरातून पाच-पाच प्रवासी मिळाले तरी शंभर झाले. आइसलँडएअरच्या बोइंग ७३७ मॅक्स ८ मध्ये १६० जागा आहेत. उरलेल्या साठ जागा आइसलँड बघायला जाणाऱ्यांनी भरल्या की विमान पूर्ण. पण हे गणित नवं विमान त्याच लाटेत बसलं तरच जमतं. चार तास इकडेतिकडे झालं की जोड्या तुटतात.

आणि लाटेतच गर्दी असते. सगळ्यांना पहाटे सहाच्या आसपास उतरायचं असतं आणि आठच्या आत सुटायचं असतं. गेट संपले की विमान दूर उभं राहतं, प्रवासी बसने येतात आणि जोडणीच्या वेळेतली दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात. शिवाय मध्ये पासपोर्ट तपासणी आहे. न्यूयॉर्कहून पॅरिसला जाणारा प्रवासी शेंगेन हद्दीत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) केफ्लाविकलाच शिरतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्याचा व्हिसाही तिथेच तपासला जातो. म्हणून कंपन्या मूळ लाटेच्या काही तास मागेपुढे दुसरी, लहान लाट उभी करतात. जोड्या कमी मिळतात, पण गेट मोकळे असतात. माझ्या मते वाढीव फेऱ्यांसाठी हाच शहाणा मार्ग आहे.

आता माणसं. बॉस्टनला जाऊन त्याच रात्री परत यायचं, तर जाणं, थांबणं आणि येणं यांनाच पावणेतेरा तास लागतात. निघण्याआधीचा हजेरीचा तास वेगळा. युरोपीय नियमांप्रमाणे संध्याकाळी चारला कामावर आलेल्या दोन वैमानिकांची मूळ मर्यादा साडेअकरा तासांची. म्हणून ते बॉस्टनला मुक्काम करतात, दुसऱ्या दिवशीचं विमान परत आणतात, आणि चार तासांचा वेळफरक सोसल्यामुळे घरी त्यांना किमान दोन रात्रींची विश्रांती द्यावी लागते. चक्र चार दिवसांचं झालं. म्हणजे रोजच्या एका फेरीला किमान चार तुकड्या. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर आणखी.

मार्गाचीही परवानगी लागते. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तरी ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहावं, हा जुना नियम. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवायला सुरुवात झाली आणि १९८८ मध्ये १८०. त्यासाठी देखभाल काटेकोर लागते. एकाच मेकॅनिकने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, कारण केलेली चूक दोन्हीकडे सारखीच होईल. इंधन सगळ्यात वाईट जागा धरून मोजतात: दोन विमानतळांच्या मधोमध केबिनचा दाब गेला, विमान १०,००० फुटांवर उतरवावं लागलं आणि तिथल्या दाट हवेत इंधन भराभर जळू लागलं, तर? या वाटेवर आसरा म्हणजे कॅनडातलं गूस बे आणि गँडर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रीनलँडची राजधानी नूकची २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली, ही मोठी सोय. पण तिथे धुकं असेल तर ते विमानतळ हिशेबात धरता येत नाही आणि मार्ग बदलावा लागतो.

केफ्लाविकचा मोठा शत्रू वारा. एकमेकींना छेदणाऱ्या, तीन-तीन किलोमीटरच्या दोन धावपट्ट्या असल्याने विमान उतरतं, पण वारा ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेला की एअरोब्रिज आणि शिड्या लावणं धोक्याचं होतं. प्रवासी आतच अडकतात. पहाटेची लाट अशी तासभर खोळंबली की सकाळचा युरोप, दुपारचा परतीचा प्रवास आणि संध्याकाळची अमेरिका, सगळं सरकतं. नव्या फेरीसाठी एखादं विमान राखीव ठेवायचं ते यासाठीच.

या घड्याळाबाहेर गेलं की काय होतं, ते आइसलँडच्याच ‘वॉव एअर’ या स्वस्त विमान कंपनीच्या दिल्ली सेवेत दिसतं. ती डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात थांबली. मार्च २०१९ मध्ये कंपनीही बंद पडली. कंपनीच्या अडचणी इतरही होत्या. पण दिल्लीला जायलाच दहा तासांच्या वर लागतात. जाऊन-येऊन विमानाचा अख्खा दिवस खर्च होतो आणि त्या दिवसात अटलांटिकची फेरी उरत नाही.

प्रवाशांनी एक गोष्ट पाहावी. आइसलँड वर्षभर एकच वेळ पाळतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. नंतर युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या आठवड्यांत या तीन घड्याळांमधला नेहमीचा फरक बदललेला असतो. तेव्हाचं तिकीट काढताना केफ्लाविकला विमान बदलायला किती मिनिटं उरतात, ते पुन्हा मोजून घ्यावं.