भित्रेपणा, पित्ताशय आणि वनतान काढा : पार्श्वभूमी

चिनी वैद्यकात भित्रेपणाचा संबंध पित्ताशयाशी जोडतात. त्याचं मूळ इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत संकलित होऊ लागलेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात आहे. तिथे अवयवांना दरबारातली पदं दिली आहेत आणि निर्णय घेण्याचं काम पित्ताशयाकडे आहे. ते बिघडलेला रोगी सारखे उसासे टाकतो, त्याचं तोंड कडू पडतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून तो थुंकत राहतो, छाती धडधडते आणि कोणीतरी आपल्याला धरायला येतंय असं त्याला वाटत राहतं. याच ग्रंथात भीती मूत्रपिंडाकडेही सोपवली आहे आणि रक्त कमी पडलं की माणूस घाबरतो असंही म्हटलंय. पुढचे वैद्य सोयीनुसार यातलं एकेक सूत्र उचलत गेले. उपचारांच्या अंगाने मात्र पित्ताशयाचं सूत्रच सगळ्यांत फळाला आलं.

ते आलं 'वनतान थांग' या काढ्यामुळे. नावाचा अर्थ पित्ताशयाला ऊब देणारा काढा. सातव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या एका मोठ्या औषधसंग्रहात तो आहे, पण भित्रेपणासाठी नव्हे. मोठ्या आजारातून उठलेल्या, तगमग होऊन झोप न येणाऱ्या माणसासाठी तो सांगितला आहे आणि कारण दिलंय 'पित्ताशय थंड पडलं'. बानश्या या औषधी वनस्पतीचा कंद, बांबूच्या खोडाची किसलेली साल, कडू संत्र्याची कोवळी वाळवलेली फळं, संत्र्याची साल, ज्येष्ठमध आणि आलं, एवढीच यादी. आलं चार लियांग (जुनं चिनी वजन), म्हणजे बाकी कुठल्याही घटकापेक्षा जास्त.

खरी कलाटणी 1174 मध्ये मिळाली. रोगांची कारणं तीन गटांत लावणाऱ्या एका वैद्याने हाच काढा 'हृदय आणि पित्ताशय दुबळं, जरा काही झालं की दचकणारा' अशा रोग्यासाठी लिहिला. अभद्र स्वप्नं पडतात, काहीबाही दिसतं, माणूस धसका घेतो. त्यातून ची, म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, तुंबते, तुंबलेल्या चीतून कफ होतो आणि त्या दोघांच्या झटापटीतून धाप, धडधड, घाम, अन्नावरची वासना उडणं ही लक्षणं उभी राहतात. त्याने फूलिंग ही औषधी बुरशी आणि लाल बोर वाढवलं, आलं मात्र दर मात्रेला पाच चकत्यांवर आणलं. ऊब देणारा मुख्य घटक कमी झाला, नाव तेच राहिलं. त्याच्याच ग्रंथात दुसऱ्या प्रकरणात 'पित्ताशय थंड' हे जुनं कारणही जसंच्या तसं आहे, त्यामुळे हा काढा खरंच ऊब देतो का, हा वाद मिटण्याऐवजी वाढला.

छिंग राजवटीच्या काळातल्या (1644 ते 1912) टीकाकारांनी तो चांगलाच लावून धरला. बांबूची साल आणि कोवळं कडू संत्रं थंड गुणाचं, मग हा काढा ऊब देणार कसा? काहींनी उत्तर दिलं की पित्ताशयाला वसंतासारखी सौम्य ऊबच मानवते, आणि साचलेला उष्ण कफ काढला की ती आपोआप परतते. पुढे यात ह्वांगल्येनसारखं कडू, अतिथंड मूळही घालू लागले. माझ्या मते हे स्पष्टीकरण नाव वाचवण्यासाठी रचलेलं आहे. 1174 ची नोंद जास्त मोलाची, कारण तिने घाबरट माणसाच्या स्वभावाला बोल न लावता भीतीनंतर शरीरात काय साचतं याचा माग काढला.

ज्याच्यात कफ नाही, नुसता दुबळेपणा आहे, अशा रोग्यासाठी 1732 च्या एका ग्रंथात वेगळी गोळी आली : जिनसेंग, फूलिंग, वेखंडाच्या जातीचं मूळ आणि प्राण्यांचे अश्मीभूत दात. मन शांत करण्यासाठी हिंगूळही वापरात होता. त्यात पारा असतो, म्हणून चीनच्या औषधसंहितेत त्याची मात्रा दिवसाला 0.1 ते 0.5 ग्रॅम एवढीच बांधली आहे.

1956 पासून सरकारी महाविद्यालयं निघाली आणि पाठ्यपुस्तकांनी ही विभागणी पक्की केली. जीभ फिकट, माणूस एकटं राहायला घाबरतो, झोपेत दचकतो : हृदय-पित्ताशयाच्या चीची उणीव, औषध जिनसेंगची गोळी. जिभेवर चिकट थर, मळमळ, चक्कर : वनतान. सुईचिकित्सेत मनगटावरचा शनमन आणि पाठीवर दहाव्या मणक्याशेजारचा पित्ताशयाचा बिंदू घेतात. औषधयोगांच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत वनतान काढा कफनाशक औषधांच्या प्रकरणात छापलेला असतो.