उपहास व साचेबंद विनोद

एखादी जात, प्रांत, पेठ, व्यवसाय किंवा शारीरिक व्यंग यांविषयीची ठरीव समजूत गृहीत धरून केलेला, बहुधा कोणाला तरी बोचणारा विनोद. थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा अशी त्याची बोलभाषेत चढती भाजणी आहे. थट्टा सोसली जाते, कुचेष्टा जिव्हारी लागते. 'साचेबंद' माणसाची कल्पना मुळात छापखान्यातली. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन अखंड पत्रा ओतत व त्यावरून तोच मजकूर पुनःपुन्हा छापत. त्या पत्र्याचे 'स्टिरिओटाइप' हे इंग्रजी नाव लोकसमजुतींना अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी 1922 मध्ये लावले व ते रूढ झाले.

कोण, कशाला व कसे हसतो याची भारतीय परंपरेतील पहिली सविस्तर मांडणी भरताच्या नाट्यशास्त्रात (सामान्यतः इ. स. पू. 200 ते इ. स. 200 यांदरम्यान, आजची संहिता एकाच काळातली नसावी) आढळते. हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार तेथे सांगितले असून ते दोन-दोन करून उत्तम, मध्यम व अधम पात्रांकडे दिले आहेत. उपहसिताचे वर्णन नेमके आहे: नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे व मान आखडलेली. हास्याच्या कारणांत विकृत वेष व असंबद्ध बडबड यांबरोबरच 'व्यंगदर्शन', म्हणजे दुसऱ्याचे व्यंग दिसणे, हेही येते. हास्याचे 'आत्मस्थ' व 'परस्थ' असे दोन भेदही केले आहेत. स्वतःवरचा विनोद व दुसऱ्यावरचा विनोद असा त्यांचा अर्थ काही जण लावतात. तथापि 'स्वतः हसणे' व 'दुसऱ्याला हसवणे' हा अर्थ संहितेला अधिक धरून आहे.

ग्रंथाच्या अखेरीस एक कथा येते. नाट्यविद्येने उन्मत्त झालेल्या भरतपुत्रांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले. संतापलेल्या ऋषींनी त्यांना शाप दिला व त्यांचा वंश शूद्राचारी ठरवला. हिच्यामागे एखाद्या प्रत्यक्ष संघर्षाची आठवण असावी, असे एक मत. नटवर्गाच्या हीन सामाजिक स्थानाची उपपत्ती लावण्यासाठी ती मागाहून रचली, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कसेही असो, थट्टा वरच्यांची झाली आणि शिक्षा कुळाला मिळाली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पुण्यात एकोणिसाव्या शतकात उपहास दोन्ही दिशांनी चालला. जोतीराव फुले यांच्या तृतीय रत्न (1855) या नाटकात कुणबी जोडप्याला नाडणाऱ्या जोशाचे बिंग विदूषक प्रेक्षकांसमोर फोडतो; हे हसणे खालून वर जाते. उलट 1875 मध्ये दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढव सजवून 'गर्दभानंदा'ची मिरवणूक काढली. गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) यांची प्रेतयात्रा ते हयात असताना काढली गेली; ही घटना सुधारक पत्र निघाल्यानंतरची, म्हणजे 1888 नंतरची, असावी. घरात बायको-मुले असलेल्या माणसाची तिरडी रस्त्यावरून नेणे याला विनोद म्हणता येत नाही. तो बहिष्काराचाच एक प्रकार होता.

पेठांमधल्या पुणेकराचा साचा, म्हणजे तिरकस, काटकसरी, दुपारी झोपणारा, हा सर्वपरिचित आहे. पु. ल. देशपांडे यांच्या मुंबईकर-पुणेकर-नागपूरकर या कथनाने तो घरोघरी पोहोचला. तो खपतो, कारण पुणेकर स्वतःच तो मिरवतो आणि त्यापायी त्याला कोणी घर किंवा नोकरी नाकारत नाही. जातीवरच्या विनोदाला हीच सवलत मागणे सर्वस्वी चूक आहे. खोली शोधणाऱ्याला आधी आडनाव विचारले जाते, तेथे तोच साचा त्याच्या आड उभा राहतो.

कायद्याने केवळ बोचरेपणा गुन्हा ठरत नाही. शीख समाजावरील विनोदांना आळा घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली असता, नागरिकांच्या नैतिक वर्तनासाठी नियम घालून देता येणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने 2017 मध्ये घेतली. गटागटांत वैर पसरवणे मात्र दंडनीय आहे (पूर्वी भारतीय दंड संहिता, कलम 153 अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, कलम 196). अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना लोकांदेखत जाणूनबुजून अपमानित करण्याविरुद्ध 1989 चा, तर दिव्यांगांच्या बाबतीत 2016 चा अधिनियम आहे. जुलै 2024 मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगत्वाची समज वाढवणारा विनोद व दिव्यांगांना हिणवणारा विनोद यांत फरक केला. नाट्यशास्त्रातील 'व्यंगदर्शना'चा पुनर्विचार करायला लावणारा हा निकाल आहे. वाड्याच्या दारावर 'घंटा एकदाच वाजवा, आत बहिरे राहत नाहीत' या थाटाची पाटी असते. तिच्यातली चपराक उतावळ्या पाहुण्यासाठी आहे व ती त्याला लागतेही. पण ज्याला खरेच ऐकू येत नाही, तो माणूस त्या दारातून जाताना तीच पाटी वाचतो.