स्वभाव मोजणं: व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि त्यांचा अचूकपणा

व्यक्तिमत्त्व मापन म्हणजे माणसाच्या स्वभावातल्या टिकाऊ गोष्टी आकड्यांत मांडायच्या आणि त्यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधायचा. हे जमतं का? जमतं, पण माणसांच्या मोठ्या गटाबद्दल बरंच चांगलं जमतं आणि समोरच्या एकट्या माणसाबद्दल बेताचंच, आणि हा फरक लक्षात न घेता या चाचण्या वापरल्या की लोकांचं नुकसान होतं.

सुरुवात लष्करातून झाली. पहिल्या महायुद्धात युद्धाच्या धक्क्याने कोसळू शकणारे सैनिक आधीच ओळखावेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही उत्तरांची प्रश्नावली बनवली. पुढे १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले, मग कॅटेलने ते गाळत गाळत १६ घटकांवर आणले आणि १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना दिसलं की वेगवेगळ्या गटांत स्वभावगुणांचे पाचच गठ्ठे परत परत वर येतात. हेच आजचं बिग फाइव्ह: नवीन गोष्टींची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखपणा, मिळतंजुळतं घेणं आणि चिंतातुरपणा. अभ्यासकांचा सगळ्यात जास्त भरवसा सध्या यावरच आहे.

चाचणी दिसायला अगदी साधी असते. ‘मी हातातलं काम पूर्ण करूनच उठतो’ असं वाक्य असतं आणि १ ते ५ मध्ये आपण किती सहमत ते सांगायचं, मध्येच ‘माझ्या वस्तू कुठेही पडलेल्या असतात’ असं उलटं वाक्य टाकतात, त्याचे मार्क उलटे मोजतात, म्हणजे सगळ्यालाच हो हो म्हणणारा माणूस सापडतो. चांगल्या चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे मार्क किती भरवशाचे याचा ० ते १ मधला आकडा, ०.८५ च्या आसपास येते. ऐकायला भारी वाटतं, पण सरासरी ५० असलेल्या नेहमीच्या स्केलवर तुम्हाला ५५ मिळाले तर खरा आकडा साधारण ४७ ते ६३ मध्ये कुठेतरी आहे एवढंच म्हणता येतं, म्हणजे सरासरीपेक्षा थोडा कमी ते बऱ्यापैकी जास्त, काहीही!

म्हणूनच माणसांना खणांत टाकणाऱ्या चाचण्या अडचणीत येतात. एमबीटीआय ही चार अक्षरांची चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या कल्पनांवरून तयार केली, कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये ती फार चालते. पण बहुतेक माणसं स्केलच्या मधोमधच असतात, आज रेषेच्या या बाजूला तर महिन्याने त्या बाजूला, आणि तेवढ्यात आख्खं अक्षर बदलतं. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचा टाइप वेगळा येतो. एवढ्यावर कुणाची टीम किंवा नोकरी ठरवणं मला सरळ अन्याय वाटतो.

चाचणीचं वर्णन आपल्याला पटलं म्हणजे ते खरं, असंही नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला, त्यातली वाक्यं बहुतेक एका ज्योतिषाच्या पुस्तकातली होती, तरी विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले. त्यामुळे अंदाज तपासायचा तर आधी उत्तर लपवून ठेवावं लागतं. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असंच केलं, हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या आणि कुठली कुणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तो प्रश्न स्वभावाचा नव्हता, बुद्धीचा होता, पण तपासायची पद्धत हीच हवी.

आता खऱ्या चाचण्यांकडे. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने दाखवून दिलं की चाचणीतला स्वभाव आणि प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) क्वचितच ०.३० च्या वर जातो, आणि सगळं क्षेत्र हादरलं. त्याचा मुद्दा एका प्रसंगापुरता बरोबर होता. पण बॅटर एका बॉलवर काय करेल हे सांगता येत नाही म्हणून त्याचा अ‍ॅव्हरेज खोटा ठरत नाही, तसंच सेमूर एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवलं की बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली की स्वभावातलं सातत्य स्पष्ट दिसतं. आणि ०.३० म्हणजे नक्की किती? १०० माणसं घ्या, शिस्तीत वरच्या ५० पैकी साधारण ३० जण कामातही वरच्या अर्ध्यात येतील, २० येणार नाहीत. हजारो अर्ज आलेल्या भरतीत हा फायदा मोठा आहे, पण तुमच्यासमोर बसलेला मुलगा त्या ३० मधला की २० मधला ते चाचणी सांगू शकत नाही.

या क्षेत्रातले निष्कर्ष टिकाऊही आहेत. शिस्तशीर माणसं सरासरीने जास्त जगतात, घटस्फोट आणि नोकरीतलं यश यांच्याशीही स्वभावाचा संबंध दिसतो. ख्रिस्तोफर सोटोने २०१९ मध्ये असे ७८ संबंध पुन्हा तपासले, ८७ टक्के परत सापडले, फक्त थोडे कमी ताकदीचे. मानसशास्त्रात इतके जुने निष्कर्ष पडत असताना ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्याला कोण जास्त ओळखतं हा प्रश्नही यातच येतो. सिमीन वझिरेच्या २०१० च्या अभ्यासात स्वतःची चिंता माणसाला स्वतःला जास्त कळत होती, पण बुद्धी वगैरे बाबतीत मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघाला, कारण तिथे आपल्याला आपली बाजू घ्यायची असते. २०१५ च्या एका अभ्यासात ८६ हजारांवर लोकांचे फेसबुक लाइक्स घेतले, तर १० लाइक्सवरून स्वभाव ओळखण्यात कॉम्प्युटरने सहकाऱ्याला मागे टाकलं आणि साधारण ३०० वर नवरा-बायकोलाही, तरी त्याचा सहसंबंध ०.५६ च होता.

नोकरीच्या वेळी लोक चांगली दिसतील अशी उत्तरं देतात ही अडचण आहेच. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत यासाठी एकेक शब्द १५ सेकंद दाखवून मनात येईल ते वाक्य लिहायला लावतात, असे ६० शब्द, विचार करायला वेळच नाही; मात्र अशा चाचण्यांत मार्क तपासणाऱ्यावर जास्त अवलंबून राहतात. आणि मुळात पाच घटक सगळीकडे सापडतातच असं नाही, बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती-शिकार करणाऱ्या समाजात २०१३ च्या अभ्यासात पाच नाही, दोनच ढोबळ घटक दिसले: इतरांशी चांगलं वागणं आणि कष्टाळूपणा.