नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर मोबाईलचा नकाशा : ट्रकमालक व चालक यांच्यासाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल भरून निघालेल्या चालकाला पहिल्या दिवशी नकाशाची गरज सहसा भासत नाही. ती भासते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आलापल्लीच्या पुढच्या जंगलात, धडगावच्या डोंगरात किंवा धारणीच्या वाटेवर, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मोबाईलवरचे नेटवर्क गेलेले असते. अशा मार्गांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी चालकाचा मोबाईल आधीच तयार करून देण्याचे काम आमचे दुकान करते. या कामातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पैसे देण्यापूर्वीच ग्राहकाला ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक काढले आहे.

नेट नसताना नकाशा कसा चालतो

जीपीएस इंटरनेटवर चालते, असा समज आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत संदेश सोडत असतात, मोबाईल ते फक्त ऐकतो आणि किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्वतःची जागा ठरवतो. आकाशवाणी ऐकायला रेडिओला जसा रिचार्ज लागत नाही, तसाच तो इथेही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवण्यासाठी आणि रस्ता काढण्यासाठी. ही दोन्ही कामे मोबाईलच्या आतच होतील अशी सोय केली की सिमकार्ड काढून ठेवले तरी गाडी कुठे आहे ते दिसत राहते.

एक अडचण मात्र येते. नेटवर्क असताना उपग्रहांची ताजी माहिती मोबाईलला इंटरनेटवरून झटपट मिळते. नेटवर्क नसताना ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला अवघ्या 50 बिट इतक्या संथ गतीने, दर 30 सेकंदांनी पुन्हापुन्हा पाठवतो. त्यामुळे बंद ठेवलेला मोबाईल दूर कुठेतरी जाऊन सुरू केला, तर नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका योग्य जागी यायला काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी झाडीतून किंवा शेडमधून बाहेर येऊन, उघड्या आकाशाखाली गाडी उभी करून थांबावे. मोबाईल पुन्हापुन्हा बंद-चालू केल्याने वेळ वाढतोच. घाटात एका बाजूला कडा असला की ठिपका कधीकधी खालच्या वळणावर उडी मारतो, आणि समृद्धी महामार्गावरील इगतपुरी-कसारा दरम्यानच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या ठिकाणी उपग्रह दिसतच नाहीत. यात मोबाईलचा बिघाड नसतो.

गाडी निघण्यापूर्वी आम्ही काय करतो

गूगल मॅप्समध्ये हवा तो प्रदेश आधी उतरवून ठेवता येतो, परंतु उतरवलेल्या भागाच्या बाहेर ठिकाण असेल तर नेटशिवाय रस्ता निघत नाही, वाहतुकीची कोंडी दिसत नाही, आणि उतरवलेल्या नकाशाला मुदत असते. बरेच चालक सुरुवातीचे ठिकाण नेटवर्कमध्ये असताना रस्ता काढतात आणि तेवढ्यावर निर्धास्त राहतात. नेट गेले तरी ती रेषा दिसत राहते, हे खरे. पण एक वळण चुकले की नवा रस्ता काढण्यासाठी नकाशा मोबाईलमध्ये असावाच लागतो.

म्हणून आम्ही गूगलच्या जोडीला ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारे ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांपैकी एक ॲप घालून देतो. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा आहे आणि ही दोन्ही ॲप मुळातच नेटशिवाय वापरण्यासाठी बनलेली आहेत. ऑस्मअँडमध्ये ट्रकचा वेगळा पर्याय असून त्यात गाडीची उंची, रुंदी आणि वजन भरता येते. सूचना ऐकवणारा आवाजही आधीच उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर रस्ता दिसतो आणि मोबाईल मुका राहतो.

सगळे झाले की ग्राहकासमोर मोबाईल विमान मोडवर टाकून, लोकेशन चालू ठेवून, शेवटच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता काढून दाखवतो. या परीक्षेत उतरल्याशिवाय आम्ही मोबाईल परत देत नाही. हा नियम आमच्याच एका चुकीतून आला आहे. एका चालकाचे नकाशे आम्ही मेमरी कार्डावर ठेवले होते, त्याने वाटेत गाण्यांचे दुसरे कार्ड घातले आणि मेळघाटात पोहोचल्यावर नकाशाऐवजी कोरा पडदा पाहिला. तेव्हापासून नकाशे मोबाईलच्या आतल्या जागेतच जातात.

नकाशाला जे ठाऊक नसते

हा भाग मालकांनी चालकांसह वाचावा, अशी विनंती आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथल्याच असतात.

गूगल मॅप्सला आपली गाडी मोटार आहे की बावीस चाकी ट्रेलर, हे कळत नाही. तो मोटारीचा रस्ता देतो. न्हावा शेव्याहून निघालेला हाय-क्यूब कंटेनर एकटाच 9 फूट 6 इंच, म्हणजे सुमारे 2.9 मीटर उंच असतो, आणि साधारण दीड मीटर उंचीच्या ट्रेलरवर तो चढवला की एकूण उंची 4.4 मीटरच्या आसपास जाते. साधा 8 फूट 6 इंचांचा कंटेनर असेल तर एक फूट कमी. रेल्वेखालची मोरी किंवा गावच्या तोंडाशी लावलेली लोखंडी कमान यांच्यासाठी हा एक फूट निर्णायक ठरतो. ऑस्मअँडमध्ये उंची भरली तरी ते ॲप फक्त ज्या पुलांची उंची कोणीतरी नकाशात नोंदवली आहे तेवढेच टाळू शकते, आणि आपल्याकडील ग्रामीण रस्त्यांवर अशी नोंद फारच थोड्या ठिकाणी आहे. कमानीखाली गाडी घालण्यापूर्वी क्लीनरने खाली उतरून पाहणे हाच अजूनही खात्रीचा उपाय आहे, आणि आमचे कोणतेही ॲप त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आजच्या दिवसाची स्थिती. भोर-महाड मार्गावरील वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांसाठी बंद ठेवला जातो, माळशेजला दरड कोसळते, आणि पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. मोबाईलमधल्या नकाशात मात्र हे तिन्ही रस्ते बारा महिने उघडेच असतात. वेळेची बंधनेही त्यात नसतात. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांनी बंदीपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 766 रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, हे लक्षात ठेवावे. ठाणे शहरातील अवजड वाहनांच्या वेळा पोलिसांच्या अधिसूचनेनुसार बदलतात, त्या निघण्याच्या दिवशी पाहाव्यात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर नकाशा काहीही म्हणो, थांबावे.

पत्ता घेताना

बिल्टीवर नुसते ‘आष्टी’ लिहिलेले असते. आष्टी बीड जिल्ह्यात आहे, वर्धा जिल्ह्यात आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातही आहे. कारंजा वाशिमचे, वर्ध्याचे आणि आपल्या उरणचेही. त्यामुळे माल उतरवून घेणाऱ्याकडून तालुका आणि जिल्हा तर विचारावाच, पण शक्य असेल तेव्हा गोदामाच्या दारात उभे राहून घेतलेले अक्षांश-रेखांश व्हॉट्सॲपवर मागवावेत आणि नेटवर्क असतानाच नकाशात साठवावेत. आकडे पूर्ण लिहून घ्यावेत: दशांश चिन्हानंतर चार अंक असले की जागा सुमारे 11 मीटरच्या आत मिळते, दोनच अंक ठेवले तर फरक एक किलोमीटरपर्यंत जातो.

जुन्या नकाशात नावेही जुनी असू शकतात. अहिल्यानगर सापडले नाही तर अहमदनगर, धाराशिव सापडले नाही तर उस्मानाबाद टाकून पाहावे. महामार्गांचे क्रमांक 2010 मध्ये बदलले, तरी ढाब्यावर विचारले तर ‘सतरा नंबर’ असेच उत्तर मिळते. पडद्यावर तोच गोवा महामार्ग 66 म्हणून दिसतो.

ट्रॅकर ही वेगळी वस्तू आहे

गाडीत ट्रॅकर बसवला आहे, मग हे कशाला, असे मालक विचारतात. ट्रॅकर मालकाला गाडी दाखवतो, चालकाला रस्ता दाखवत नाही. शिवाय ट्रॅकरला जागा कळवण्यासाठी मोबाईल नेटवर्क लागते. ते नसेल तेव्हा चांगल्या प्रतीचे यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवते आणि नेटवर्क आल्यावर एकदम पाठवते. म्हणजे तुर्भ्यातील कार्यालयात बसलेल्या मालकाला गाडी आलापल्लीत तीन तास उभी दिसते, तेव्हा ती प्रत्यक्षात चालत असू शकते. चालकावर रागावण्यापूर्वी साठवलेल्या नोंदी येऊ द्याव्यात.

चार्जर व होल्डर

मोठ्या ट्रकची वीज 24 व्होल्टची असते. मोटारीसाठी असलेला फक्त 12 व्होल्टचा चार्जर त्यात जळतो, म्हणून 12-24 व्होल्ट असे छापलेलाच घ्यावा. होल्डर काचेजवळ पण एसीच्या किंवा खिडकीच्या वाऱ्यात बसवावा. एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल तापून बंद पडतो. बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. गाडी चालवताना मोबाईलचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करण्याची मुभा 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीत आहे, त्यामुळे ठिकाण शोधण्याचे काम गाडी उभी करूनच करावे.

दुकानात येताना

चालकाने स्वतः मोबाईल घेऊन यावे, मालकाने परस्पर पाठवू नये. वापर शिकवण्यास सुमारे अर्धा तास लागतो. मोबाईलमध्ये काही जीबी जागा मोकळी असावी, आणि गाडीची भरलेल्या स्थितीतील उंची टेपने मोजून, कागदावर लिहून आणावी. नकाशे ताजे करून घेण्यासाठी मोठ्या फेरीआधी पुन्हा एकदा यावे. त्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही. परतल्यावर वाटेत आढळलेल्या अरुंद पुलाची, बुटक्या मोरीची किंवा नव्या फाट्याची माहिती चालकाने सांगितली, तर ती आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवतो, म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्या पुढच्या गाडीच्या नकाशात ती येते.