शय्याव्रण-प्रतिबंध : संगणकीय शरीरप्रतिमाने

अंथरुणाला खिळलेल्या किंवा चाकांच्या खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्या व्यक्तीच्या हाडाभोवतीचे स्नायू, चरबी व त्वचा किती दबतात, याचे गणित संगणकावर मांडून शय्याव्रण (दाबव्रण, रूढ शब्द ‘बेडसोअर’) टाळणारी गादी, उशी वा शरीरस्थिती पारखण्याची पद्धत. गादीवर अंथरलेला दाबमापक पट फक्त त्वचेपाशीचा दाब दाखवतो. खोलवर हाडालगत काय घडते ते त्याला कळत नाही. प्रतिमानाची (शरीराच्या संगणकीय नमुन्याची) गरज तिथे लागते.

व्रणाच्या कारणाबद्दल मतभेद जुना आहे. १९ व्या शतकात फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी तो व्रण मज्जासंस्थेच्या बिघाडाशी जोडला, तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी दाब व ओलावा यांना दोष दिला. पुढे रक्तपुरवठा तुटण्याचा सिद्धांत रुजला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या मुळाशी केशवाहिनीतील दाब मोजला. त्यातला सुमारे ३२ मिमी पारा हा आकडा पुढे सुरक्षिततेची मर्यादा म्हणून सर्रास वापरला गेला. मूळ मापन त्यासाठी नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या पायावरील प्रयोगांत केवळ रक्त अडवल्याने झालेले बदल पुष्कळसे भरून आले, पण त्याच्या जोडीला ऊती (शरीरातील पेशींचे थर) दाबून वेडीवाकडी केल्यावर स्नायूला कायमची इजा झाली. ऊतीची विकृती (दाबाने वा ताणाने आकार बदलणे या यांत्रिकीतील अर्थाने, रोग या अर्थाने नव्हे) हेच तातडीचे कारण, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. दीर्घकालीन दाबात रक्तन्यूनतेचा (रक्तपुरवठा घटण्याचा) वाटा मात्र नाकारता येत नाही.

प्रतिमानांचा आरंभ साधारणपणे चाउ व ओडेल यांच्या १९७८ च्या कामापासून धरतात. त्यांनी नितंब म्हणजे कठीण गाभ्याभोवतीचा मऊ अर्धगोल मानला. खऱ्या शरीराची त्रिमितीय प्रतिमाने १९९० च्या दशकात आली. एमआरआय प्रतिमेवरून हाड, स्नायू, चरबी व त्वचा वेगळी करून त्यांचे बारीक घटक पाडतात आणि प्रत्येक घटकाला लवचिकतेचे गुणधर्म देतात (परिमित घटक पद्धत). मऊ ऊतीचे घनफळ दाबाने जवळजवळ घटत नाही; ती बाजूला सरकते. त्यामुळे बैठकीच्या हाडाखाली स्नायू पातळ होत कडेला ताणला जातो. लिंडर-गांझ, गेफेन व सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात स्नायूतील विकृती चरबीतल्यापेक्षा जास्त आढळली. इजा आतून सुरू होऊन वर येण्याचा प्रकार यातून समजतो.

उपयोग मुख्यतः तुलनेचा आहे. पलंगाचे डोके उचलले की धड खाली घसरते, चादरीला चिकटलेली त्वचा मात्र जागीच राहते आणि माकडहाडापाशी ऊती तिरकी ओढली जाते. अशी ओढ वा दाब उशीच्या जाडीने किंवा टाचेवरील सिलिकॉन पट्टीच्या थरांनी किती घटते, हे रुग्णाला हात न लावता पाहता येते. अर्धांगवायूत स्नायू झिजून चरबी साठत असल्याने निरोगी व्यक्तीचे प्रतिमान तसेच वापरणे दिशाभूल करणारे ठरते. बहुतेक काम बसलेल्या नितंबांवर व टाचांवर आहे. घाम व उष्णता क्वचितच हिशोबात धरतात. कूस किती वेळाने बदलावी, हे अजून प्रामुख्याने ठरावीक वेळापत्रक व परिचारिकेच्या निरीक्षणावर ठरते.