खेळाडूचे हृदय

वर्षानुवर्षे कसून सराव केल्यावर हृदयाच्या रचनेत जो निरोगी बदल होतो, त्याला ‘खेळाडूचे हृदय’ म्हणतात. स्वीडिश वैद्य सालोमॉन हेन्शेन यांनी १८९९ मध्ये स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून हृदयाचा आकार अजमावला आणि तो वाढलेला असल्याचे नोंदवले. अशा खेळाडूची नाडी विश्रांतीत मिनिटाला चाळिशीपर्यंतही उतरते, डावी जवनिका (शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा) प्रशस्त होते आणि तिची भिंत किंचित जाड होते.

पेच इथेच आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या आनुवंशिक विकारातही भिंत जाड होते. हा विकार साधारण ५०० जणांत एकाला असतो आणि पुष्कळदा काही त्रासच जाणवत नाही, पण खेळताना हृदय अचानक थांबू शकते. भिंत १२ मिमीपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते. १३ ते १५ मिमी हा मात्र संशयाचा पट्टा. तिथे हृदयरोगतज्ज्ञ जवनिकेची पोकळी बघतात: खेळाडूची ऐसपैस, विकारग्रस्ताची बहुधा आक्रसलेली. ईसीजीतले (हृदयाच्या विद्युत आलेखातले) उलटे टी-तरंग, म्हणजे ठोक्याच्या शेवटची लाट उलटी दिसणे, आणि एमआरआयमध्ये दिसणारे हृदयस्नायूतले व्रण विकाराकडे बोट दाखवतात. तरीही उलगडा झाला नाही, तर सुमारे तीन महिने सराव बंद ठेवून पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात. सरावाने आलेली जाडी ओसरते, विकाराची राहते. ऐन हंगामात खेळाडूला घरी बसवणे जिवावर येते. पण निदान चुकले तर एक तर जीव जातो, नाही तर धडधाकट माणसाची कारकीर्द.

इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्यांना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. पुढे व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तरी तपासणीत सगळेच सापडत नाही. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात, तेव्हा इटलीतल्या क्लबकडून खेळणारा डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन याचे हृदय थांबले. तत्काळ मिळालेल्या सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) आणि विजेच्या झटक्यामुळे तो वाचला. शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरमुळे (गरज पडताच हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रामुळे) इटलीत त्याला खेळता येईना, म्हणून तो इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबकडून उतरला.

निदान झाले की आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करतात, कारण विकाराचे जनुक प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. भारतीयांसाठी याला वेगळे महत्त्व आहे: हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला, जनुकसंकेताची २५ अक्षरे गळालेला दोष उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.